गाईच्या कोलॅजनचा पीळ कसा वाचावा: अनुक्रमापासून तंतूपर्यंत

युनिप्रॉट या प्रथिनांच्या विदागारात गाईच्या कोल१ए१ ची, म्हणजे कातडी-हाडांतल्या कोलॅजन या प्रथिनाच्या एका साखळीची, नोंद उघडली (क्रमांक पी०२४५३), की १,४६३ अमिनो आम्लांची एक लांबलचक ओळ समोर येते. नवखा विद्यार्थी ती ओळ जशीच्या तशी उचलतो, रचनेचं भाकीत करणाऱ्या साधनात टाकतो आणि पडद्यावर सुटलेल्या दोऱ्याचा गुंता पाहून चक्रावतो. दोष साधनाचा नाही. या प्रथिनाची एकटी साखळी कशातच घडी घालून बसत नाही. तिला दोन सोबती लागतात, आणि सोबती मिळाल्यावरही तिचं खरं काम पेशीच्या बाहेर, दोन्ही टोकं छाटली गेल्यानंतर सुरू होतं. म्हणून ही ओळ वाचायची ती कापत, मोजत आणि पुन्हा जोडत. कागद-पेन्सिल किंवा साधी स्प्रेडशीट एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं.

आधी कोणतं कोलॅजन ते ठरवा

पृष्ठवंशीय प्राण्यांत कोलॅजनचे २८ प्रकार मोजले जातात. 'गाईचं कोलॅजन' एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यात फक्त शहराचं नाव लिहिण्यासारखं आहे. कातडी, स्नायुबंध आणि हाड यांत टाइप १ चं राज्य असतं. कूर्चेत टाइप २ असतं. कोवळ्या कातडीत आणि रक्तवाहिन्यांत टाइप १ च्या जोडीला टाइप ३ बरंच सापडतं. टाइप २ आणि टाइप ३ मध्ये तिन्ही साखळ्या एकसारख्या असतात. टाइप १ मध्ये मात्र दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२ अशी जुळणी असते. या दोन साखळ्यांची जनुकं, कोल१ए१ आणि कोल१ए२, गाईत अनुक्रमे १९ व्या आणि ४ थ्या गुणसूत्रावर आहेत. अल्फा-२ ची नोंद पी०२४६५ या क्रमांकाखाली मिळेल, लांबी १,३६४. इथून पुढे सगळं टाइप १ बद्दल, आणि आकडे अल्फा-१ चे.

ओळीचे चार तुकडे करा

पहिले २२ घटक संकेत-पेप्टाइडचे. साखळी पेशीतल्या योग्य कप्प्यात शिरली की ते निघून जातात. पुढचे २३ ते १६१ म्हणजे एन-टोकाचं, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या बाजूचं, प्रोपेप्टाइड (नंतर छाटला जाणारा तुकडा). १६२ ते १,२१७ ही अंतिम साखळी. उरलेले २४६ घटक सी-टोकाच्या, म्हणजे शेवटाकडच्या, प्रोपेप्टाइडचे.

कापण्याच्या जागा बरोबर आल्या का, हे तपासायला दोन खुणा आहेत. एन-बाजूचा काप प्रोलिन आणि ग्लुटामिन यांच्यामध्ये पडतो, सी-बाजूचा अ‍ॅलानिन आणि अस्पार्टिक आम्ल यांच्यामध्ये. १६१ व्या जागी प्रोलिन आणि १६२ व्या जागी ग्लुटामिन दिसलं नाही, तर तुम्ही दुसऱ्याच प्राण्याची किंवा दुसऱ्याच आवृत्तीची ओळ उघडून बसला आहात.

हे छाटले जाणारे तुकडे फालतू समजू नका. सी-टोकाच्या प्रोपेप्टाइडशिवाय तीन साखळ्या एकमेकींना ओळखतच नाहीत. कोणत्या दोन अल्फा-१ आणि कोणती एक अल्फा-२ एकत्र येणार, हे तिथे ठरतं. मग पीळ त्याच टोकाकडून सुरू होऊन एन-टोकाकडे चेनसारखा बंद होत जातो. म्हणजे साखळी एका दिशेने तयार होते आणि पीळ उलट्या दिशेने पडतो.

तीन-तीनचे गट पाडा

आता अंतिम साखळीचे १,०५६ घटक घ्या. सुरुवातीचे १६ आणि शेवटचे २६ बाजूला ठेवा. ही टेलोपेप्टाइड, म्हणजे पिळाबाहेरची मोकळी शेपटं. मधले उरतात १,०१४. ते एका ओळीत तीन अक्षरं अशा बेताने लिहून काढा. ३३८ ओळी होतील आणि पहिला स्तंभ वरपासून खालपर्यंत ग्लायसिनने भरलेला दिसेल. पहिल्या काही ओळी अशा: ग्लायसिन-प्रोलिन-मेथिओनिन, ग्लायसिन-प्रोलिन-सेरिन, ग्लायसिन-प्रोलिन-आर्जिनिन, ग्लायसिन-ल्युसिन-प्रोलिन. शेवटच्या पाच ओळी सलग ग्लायसिन-प्रोलिन-प्रोलिन.

हा स्तंभ स्वतःच्या हाताने एकदा तरी भरावा, असं माझं मत आहे. ३३८ पैकी एकाही ठिकाणी अपवाद नाही, हे वाचणं वेगळं आणि बोट ठेवत खाली उतरताना पाहणं वेगळं.

इथे एक सापळा आहे. संगणकाला 'ग्लायसिन, मग कोणतेही दोन' असा नमुना शोधायला सांगितला, तर तो एन-टोकाच्या प्रोपेप्टाइडमध्येच अडकतो, कारण तिथेही असाच एक छोटा पिळाचा पट्टा आहे. म्हणून आधी कापायचं, मग मोजायचं.

दर तिसरी जागा ग्लायसिनचीच का? तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफल्या की प्रत्येकीचा दर तिसरा घटक नेमका मधल्या अक्षाकडे तोंड करतो. तिथे जागा इतकी अरुंद असते की ज्याची बाजूसाखळी म्हणजे फक्त एक हायड्रोजन, तो ग्लायसिनच मावतो. बाकीच्या दोन जागांना एक्स आणि वाय म्हणतात. त्यांची तोंडं बाहेर असतात, त्यामुळे तिथे भार असलेली, तेलकट, मोठी, छोटी, कोणतीही बाजूसाखळी चालते. थोडक्यात, ग्लायसिनचा स्तंभ रचना सांभाळतो आणि एक्स-वायचे स्तंभ रेणूचं बाहेरच्या जगाशी नातं सांभाळतात. या प्रथिनाची रचना आणि कार्य वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात ते मला कधीच पटलं नाही. दोन्ही एकाच कोष्टकाच्या शेजारच्या रकान्यांत आहेत.

क्रमांकांची भानगड मिटवा

कोलॅजनवरच्या जुन्या-नव्या लेखनात 'लायसिन ८७' किंवा 'ग्लायसिन ७७५' असे उल्लेख येतात. हे विदागारातले क्रमांक नव्हेत. पिळाच्या पहिल्या ग्लायसिनला १ धरून केलेली ही मोजणी आहे. ती पडली तेव्हा जनुकं वाचता येत नव्हती आणि साखळीचे तुकडे करून घटक एकेक करून ओळखत.

गाईच्या अल्फा-१ साठी रूपांतर सोपं आहे: पिळातला क्रमांक अधिक १७७ म्हणजे विदागारातला क्रमांक. लायसिन ८७ तिथे २६४ व्या जागी सापडेल, अलीकडे ग्लायसिन-मेथिओनिन आणि पलीकडे ग्लायसिन-हिस्टिडिन-आर्जिनिन अशा शेजाऱ्यांसह. माणसाच्या अल्फा-१ साठी मात्र १७८ मिळवावे लागतात, कारण माणसाच्या एन-टेलोपेप्टाइडमध्ये १७ घटक आहेत आणि गाईच्या १६. एवढ्या एका घटकापायी मी माणसाचा नकाशा गाईवर ठेवून आठवडाभर चुकीच्या पेप्टाइडच्या मागे धावलो होतो.

तेव्हापासून एक ताळा करतो. पिळातल्या क्रमांकाला ३ ने भागायचं. बाकी १ आली तर ती जागा ग्लायसिनची, २ आली तर एक्स, शून्य आली तर वाय. ७७५ ला भागल्यावर बाकी १, म्हणजे ग्लायसिन, बरोबर. ८७ ला बाकी शून्य, म्हणजे वाय, तेही बरोबर. कुणी 'ग्लायसिन ९३०' लिहिलं असेल, तर लेख बाजूला ठेवून आधी ओळ तपासा.

या मोजणीवर तीन-चार ठिकाणं खूण करून ठेवण्यासारखी आहेत. ५०२ ते ५०७ हा पेशींच्या इंटिग्रिनला (पेशीच्या पृष्ठभागावरच्या पकड-प्रथिनाला) धरण्याचा पट्टा आहे: ग्लायसिन, फेनिलअ‍ॅलानिन, हायड्रॉक्सिप्रोलिन, ग्लायसिन, ग्लुटामिक आम्ल, आर्जिनिन. पेशी कोलॅजनला धरते ती अशा जागी. ७७५ आणि ७७६ यांच्यामध्ये कोलॅजिनेझ हे कोलॅजन कापणारं विकर (एन्झाइम) काप घेतं, त्यामुळे रेणूचे पाऊण आणि पाव असे दोन तुकडे होतात. एवढ्या लांब रेणूत शरीर मोडतोडीची सुरुवात या एका जागेवरून करतं. ८७ आणि ९३० ची लायसिनं साखळ्यांना एकमेकींशी कायमची बांधण्यासाठी आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

विदागारातल्या ओळीत नसलेलं अक्षर भरा

जनुकात हायड्रॉक्सिप्रोलिनसाठी अक्षर नाही. साखळी तयार झाल्यावर, पीळ पडण्याआधी, प्रोलिल-४-हायड्रॉक्सिलेझ हे विकर वाय जागेवरच्या प्रोलिनला एक हायड्रॉक्सिल गट जोडतं. त्यासाठी लोह, ऑक्सिजन, २-ऑक्सोग्लुटारेट आणि क जीवनसत्त्व लागतं. माणसाला क जीवनसत्त्व अन्नातून घ्यावं लागतं, गाय ते स्वतःच्या यकृतात बनवते.

म्हणून तुमच्या कोष्टकात वाय स्तंभातल्या प्रोलिनवर खूण करा. एक्स स्तंभातल्यांवर करू नका. अपवाद एकच ठळक: पिळातली ९८६ वी जागा. ती एक्स आहे, आणि तिथे वेगळ्या विकरसंचामुळे ३-हायड्रॉक्सिप्रोलिन तयार होतं.

या एका गटाची किंमत तापमानात मोजता येते. हायड्रॉक्सिल गट न बसलेल्या कोलॅजनचा पीळ २४ अंश सेल्सिअसच्या आसपास सुटतो. गट बसलेला गाईचा रेणू द्रावणात ३९-४० अंशांच्या आसपास टिकतो. गाईचं शरीर साधारण साडेअडतीस अंशांवर असतं, म्हणजे हा रेणू एकटा असताना काठावरच जगतो. तंतूत गुंफला गेल्यावर मात्र हाच आकडा ६० च्या पुढे सरकतो.

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कोलॅजनचं नेमकं उलटं आहे. गरम केलं की पीळ आधी जातो, सुंभ तसाच राहतो. साखळ्या शाबूत, गुंफण सुटलेली, यालाच आपण जिलेटिन म्हणतो.

तिपेडी पीळ उभा करा

प्रत्येक साखळी स्वतःभोवती डावीकडे वळते, एका वळशात सुमारे ३.३ घटक. मग अशा तीन साखळ्या मिळून उजवीकडे वळतात. दोर वळणारा हेच करतो: पेडाला एक पीळ आणि तिपेडीला त्याच्या उलटा, म्हणजे ओढ बसली की एक पीळ दुसऱ्याला घट्ट करतो. तीन साखळ्या अगदी समोरासमोर नसतात, एकेका घटकाने मागेपुढे सरकलेल्या असतात. त्यामुळे कोणत्याही उंचीवर अक्षाशी एकाच साखळीचं ग्लायसिन येतं. प्रत्येक त्रिकुटामागे एक हायड्रोजन बंध असतो, ग्लायसिनच्या नायट्रोजनकडून शेजारच्या साखळीतल्या एक्सच्या ऑक्सिजनकडे.

तीन साखळ्यांचा हा आराखडा १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडला. तिन्ही मिळून घातलेला पीळ त्यांनी पुढच्या वर्षी जोडला. बंधांची संख्या किती यावर तेव्हा बराच वाद झाला, आज एकच बंध मान्य आहे.

रेणूची लांबी तुम्ही स्वतः काढू शकता. प्रत्येक घटक अक्षावर सुमारे ०.२९ नॅनोमीटर पुढे नेतो. १,०१४ गुणिले ०.२९ म्हणजे २९४. शेपटं धरून साधारण ३००. जाडी फक्त दीड नॅनोमीटर. त्रिमितीय चित्र हवंच असेल, तर १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या पेप्टाइडची १सीएजी ही रचना पीडीबी या प्रथिन-रचनांच्या विदागारात उघडा. तिच्या मध्यावर मुद्दाम एका ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलानिन ठेवलेलं आहे आणि तिथे पीळ कसा सैलावतो ते डोळ्यांनी दिसतं. पाठ्यपुस्तकातल्या दहा वाक्यांपेक्षा ते चित्र बरं.

रेणू एकमेकांना लावा

पेशीबाहेर दोन्ही प्रोपेप्टाइड छाटली गेली की रेणू आपोआप शेजारी-शेजारी रचले जातात, पण रांगेत नाही. प्रत्येक शेजारी २३४ घटकांनी, म्हणजे ६७ नॅनोमीटरने सरकलेला असतो. या अंतराला डी म्हणतात. आता ३०० ला ६७ ने भागा: साडेचारला किंचित कमी. भागाकार पूर्णांकात आला नाही, हीच यातली मेख. रेणू पाच डी भरत नाही, म्हणून एका रेणूचं शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांत मोकळी जागा उरते. प्रत्येक डी मध्ये सुमारे ४० नॅनोमीटरचा विरळ पट्टा आणि २७ नॅनोमीटरचा दाट पट्टा पडतो. हाडात खनिज बसायला सुरुवात होते ती याच विरळ पट्ट्यांत.

इथे आधी बाजूला ठेवलेली शेपटं परत आणा. एन-टेलोपेप्टाइडमधला नववा घटक लायसिन आहे. पिळाचा पहिला ग्लायसिन १ धरला, तर शेपटाचा सोळावा घटक शून्यावर येतो आणि नववा उणे ७ वर. उणे ७ पासून ९३० पर्यंतचं अंतर ९३७. चार डी म्हणजे चार गुणिले २३४, ९३६. एका रेणूच्या शेपटातलं लायसिन शेजारच्या रेणूच्या ९३० व्या लायसिनसमोर येऊन उभं राहतं. सी-टोकाकडे सोळावा घटक लायसिन आहे आणि त्याची जोडी ८७ शी. तिथे आकडा ९४३ येतो, कारण ते शेपूट सरळ ताणलेलं नसून मागे दुमडलेलं असतं.

समोरासमोर आलेल्या या जोड्यांना बांधण्याची सुरुवात लायसिल ऑक्सिडेझ करतं. ते शेपटातल्या लायसिनचं अल्डिहाइड बनवतं, पुढची रसायनं आपोआप घडतात. या विकराला तांबं लागतं. चाऱ्यात तांबं कमी पडलेल्या जनावरांची हाडं ठिसूळ होण्यामागचं एक कारण इथे आहे. वयाबरोबर कच्चे जोड पक्के होत जातात. १९७७ मध्ये गाईच्या टाचेच्या स्नायुबंधातून वेगळं काढलेलं चमकणारं पिरिडिनोलिन हा असाच एक पक्का जोड. म्हाताऱ्या जनावराचं मांस शिजवूनही चिवट राहतं ते कोलॅजन फार वाढल्यामुळे नव्हे. जोड उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून.

बिघाडावरून ताळा करा

कोष्टक नीट जमलं की नाही, हे पाहायला आजार उपयोगी पडतात. डर्मॅटोस्पॅरॅक्सिस हा गुरांतला आनुवंशिक आजार घ्या. वासराची कातडी साध्या ओढीने फाटते. हा बेल्जियममधल्या गुरांत आधी ओळखला गेला. १९७१ मध्ये कळलं की एन-प्रोपेप्टाइड छाटणारं विकर या जनावरांत काम करत नाही. १९९९ मध्ये अ‍ॅडॅम्टीएस२ या जनुकातला १७ आधारकांचा (डीएनएच्या अक्षरांचा) लोप सापडला.

आता दुसऱ्या पायरीकडे परत जा. प्रोलिन-ग्लुटामिनमधला तो एक काप पडला नाही, एवढंच झालं. कोलॅजनच्या स्वतःच्या ओळीत एकही चूक नाही, पीळही ठीक आहे. पण टोकावर राहिलेला तुकडा शेजाऱ्यांना नीट बसू देत नाही, आणि गोल तंतूऐवजी वेड्यावाकड्या फिती तयार होतात.

ग्लायसिनचा स्तंभ बिघडला तर गोष्ट याहून वाईट. एक चुकीची साखळी तीनच्या गटात शिरली की सगळा रेणू नासतो, म्हणून अशा बदलाची एकच प्रत पुरते. गुरांतल्या 'बुलडॉग वासरा'मागे, म्हणजे आखूड पायांच्या विकृत वासरामागे, टाइप २ च्या जनुकातले असे बदल सापडले आहेत. नवा बदल तपासताना मी आधी ३ ने भागतो, मग बाकीचं.

परीक्षानळीत पडताळा

काढणी ४ अंशांवर, ०.५ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात करा. पेप्सिन हे पाचक विकर घातलं तर जास्त कोलॅजन सुटतं, पण ते शेपटं खातं हे लक्षात ठेवा. जोडांचा अभ्यास करायचा असेल, तर पेप्सिन म्हणजे पुरावाच नष्ट.

जेलवर, म्हणजे साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या थरावर, अल्फा-१ आणि अल्फा-२ चे पट्टे २:१ प्रमाणात दिसायला हवेत. दोन्ही साखळ्या खऱ्या वजनापेक्षा, म्हणजे सुमारे ९५ किलोडाल्टनपेक्षा बरेच वर थांबतात, तेव्हा शिडीवरचा (शेजारच्या माहीत वजनाच्या पट्ट्यांवरचा) आकडा पाहून घाबरू नका. अल्फा-१ प्रमाणाबाहेर जाड दिसला तर टाइप ३ ची भेसळ समजा. त्यात डायसल्फाइड बंध असतात, टाइप १ च्या अंतिम साखळीत नसतात. म्हणून क्षपणकाशिवाय आणि क्षपणकासह (तो हे बंध तोडतो) असे दोन जेल चालवले की टाइप ३ आपली जागा बदलून उघडं पडतं.

प्रमाण मोजायला २८० नॅनोमीटरचं शोषण वापरू नका. तो प्रकाश मुख्यतः शोषणारं ट्रिप्टोफॅन इथे नाही, टायरोसिन जेमतेम शेपटांत. उलट शोषण जास्त आलं तर नमुना अशुद्ध आहे. हायड्रॉक्सिप्रोलिन मोजून गुणकाने कोलॅजन काढणं हीच विश्वासाची वाट. गुणक ८ धरला की तुम्ही १२.५ टक्के हायड्रॉक्सिप्रोलिन गृहीत धरलं, ७.१४ धरला की १४ टक्के. कोणता धरला ते निकालाशेजारी लिहा, नाहीतर दोन प्रयोगशाळांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

वस्तुमान वर्णपटात प्रोलिनवरची १५.९९५ डाल्टनची (जोडलेल्या एका ऑक्सिजनची) वाढ 'असेल किंवा नसेल' अशी नोंदवून शोध घ्या. अ‍ॅलानिनच्या जागी सेरिन आलं तरी नेमकी हीच वाढ होते. हायड्रॉक्सिप्रोलिन आणि ल्युसिन यांच्यात तर जेमतेम ०.०३६ चा फरक आहे. गाय आणि मेंढी वेगळी करताना या दोन योगायोगांनी भल्याभल्यांना फसवलंय.

शेवटी, शुद्ध केलेलं द्रावण उदासीन करून ३७ अंशांवर ठेवा. थोडा वेळ काहीच होत नाही, मग तंतू तयार होऊन ते दुधाळ होतं. पेप्सिन घातलेला नमुना उशीर लावतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, ऋण रंगवण (रंग मोकळ्या जागांत साचतो अशी पद्धत) केल्यावर, रंग विरळ पट्ट्यांत शिरतो, म्हणून काळं दिसतं ते विरळ. अंतर मोजताना एका पट्ट्यावर फूटपट्टी लावू नका. सलग दहा पट्टे मोजून दहाने भागा. ६७ च्या ऐवजी ६४ आले तर बहुधा नमुना वाळलाय, प्रथिन बदललेलं नाही.